घरातली मशीन, दुकानातली खुर्ची



मी माझे केस घरीच कापतो. चार्जिंगचा ट्रिमर, त्याला १० मिलिमीटरचं गार्ड. केस कोरडे ठेवायचे, वाढीच्या उलट दिशेनं मशीन फिरवायची. मानेमागं दोन आरसे लागतात, तिथं हात हटकून उलटा जातो. पैसे वाचतात, झकास.

पण कुणी म्हणेल, 'घरोघर मशीन आली, दुकानाचा प्रश्न मिटला', तर ते आपण ऐकून घेणार नाही. साताऱ्यात लहानग्या भीमरावाचे केस थोरली बहीण कापायची. गावात न्हावी होते, घरात पैसेही होते. अस्पृश्याच्या डोक्याला वस्तरा लावायला कुणी तयार नव्हता, म्हणून ती बाई हे काम शिकली! १९५५ च्या कायद्यानं असा नकार गुन्हा ठरला. आणि २०२४ साली कर्नाटकात, कोप्पळ जिल्ह्यात, केस कापण्याच्या वादात एका दलित पोराला कात्रीनं भोसकून मारलं. नुसत्या न्हाव्याला शिव्या घालून भागत नाही. तोही बलुतेदारच, वरच्यांचं गिऱ्हाईक तुटेल म्हणून टरकलेला.

तेव्हा मशीन जरूर घ्या, पात्याला तेलाचा थेंब देत जा. फक्त गावी जाताना ती इथंच ठेवा. तिथं चार-पाच जण मिळून दुकानात जा अन् खुर्चीवर बसा.