खांद्याचे ऑपरेशन आणि पहिली रात्र
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही दोघेही पेशाने भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी दोन मिनिटे आपल्याला दिसतो आणि मग आपण झोपी जाता, त्यामुळे आमच्याशी निवांत बोलायची संधी कोणाला मिळत नाही. ती आज मंडळाने दिली, त्याबद्दल आभार.

विषय घेतला आहे खांद्याचा. साठीच्या आसपास खांद्याभोवतीच्या स्नायूंचे दोर झिजतात, कधी पडल्यामुळे तुटतात. आता ते दुर्बिणीतून शिवता येतात. छिद्रे बोटाच्या नखाएवढी, म्हणून दुखणेही तेवढेच असेल असे घरच्यांना वाटते. पण आत हाडाला दोर बांधलेले असतात. पहिले एक-दोन दिवस हा खांदा चांगलाच ठणकतो. त्यासाठी आम्ही नस बधिर करतो, म्हणजे नर्व्ह ब्लॉक देतो.

ही कल्पना जुनी आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. खांद्यासाठी मानेत द्यायच्या इंजेक्शनची आज रुळलेली पद्धत अमेरिकेतील ॲलन विनी यांनी १९७० मध्ये मांडली. पूर्वी अंदाजाने सुई घालत. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर नस, रक्तवाहिनी आणि सुईचे टोक तिन्ही दिसतात.

मानेतील ब्लॉकने खांदा उत्तम बधिर होतो. पण शेजारूनच श्वासपटलाची नस जाते. औषध तिच्यापर्यंत पोहोचले की त्या बाजूचे श्वासपटल काही तास लुळे पडते. २० मिलिलिटर औषध दिले तर हे जवळजवळ प्रत्येकाचे होते; ५ मिलिलिटर दिले तरी निम्म्यांच्या आसपास होते. धडधाकट माणसाला ते बहुधा जाणवतही नाही. पण जुना दमा, वर्षानुवर्षांची विडी-सिगारेट किंवा फार स्थूलपणा असेल, तर तोच ब्लॉक धाप लावू शकतो.

म्हणून दुसरे मार्ग निघाले. एकात सुई मानेतच, पण थोडी खाली, जिथे खांद्याच्या दोन मुळ्या एकत्र येतात तिथे देतात. तिथे श्वासाची नस जरा दूर गेलेली असते. आराम जवळपास तेवढाच, श्वासाचा धोका कमी; पण शून्य नव्हे. दुसऱ्यात मान सोडून खांद्याच्या मागच्या बाजूला दोन नसा वेगवेगळ्या बधिर करतात. सांध्याची सुमारे ७० टक्के संवेदना त्यांतल्या एकीकडूनच जाते. श्वास सुरक्षित राहतो, बोटे हलती राहतात. मात्र टोचणे दोनदा, आणि शुद्धीवर येताच पहिल्या तासाभरात मानेतल्या ब्लॉकपेक्षा थोडे जास्त दुखू शकते.

यात सर्वात चांगला ब्लॉक कोणता, असे आम्हाला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर खांद्यापेक्षा छातीत आहे. म्हणून भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा दमा, खोकला, घोरणे, विडी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सारे सांगा. सुनेसमोर विडीचे कसे सांगायचे, म्हणून संकोचू नका. सुनेला माहीत असतेच!

आता पहिल्या रात्रीचे. एका इंजेक्शनचा परिणाम साधारण बारा ते अठरा तास टिकतो. ऑपरेशन सकाळी झाले, तर संध्याकाळी काका हसतखेळत चहा घेतात, आणि गोळी 'दुखतच नाही तर कशाला' म्हणून बाजूला ठेवतात. मध्यरात्रीनंतर ब्लॉक उतरतो आणि दुखणे एकदम उसळते. तेव्हा घेतलेली गोळी लागू पडायलाही वेळ लागतो. म्हणून हात बधिर असतानाच, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला गोळी द्या. पाठीला उशा लावून अर्धवट बसते झोपवा. बधिर हात झोळीत ठेवा. गरम पिशवी किंवा चहाचा कप त्याच्याजवळ नको, भाजले तरी कळत नाही. मानेतल्या ब्लॉकनंतर आवाज बसणे, एक पापणी जड होणे हे तात्पुरते असते. पण धाप लागली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करा.

सोसणे हा आपल्या घरांत गुण मानला जातो. आमच्या आज्यांनी पुष्कळ सोसले, त्याबद्दल आदरच आहे. पण ऑपरेशननंतरचे दुखणे सोसून कोणतेही पुण्य लागत नाही. झोप उडते, खोल श्वास घेववत नाही आणि पुढे व्यायामाला माणूस घाबरतो. दुखते आहे हे वेळेवर सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

तेवढे सांगा, बाकीचे आमच्यावर सोपवा. गणपती बाप्पा मोरया!