दिवाळीची सुटी आणि मुलांचे हात

दिवाळीच्या सुटींत मुलांचे हात मोकळे होतात. शाळेचें दप्तर खुंटीला लागतें, आणि ज्या घरीं थोडी माती, थोडा कागद व थोडी सवड असेल तेथें अगदीं लहान मुलासहि सणाच्या तयारींत करण्याजोगें कांहीं ना कांहीं काम सांपडतें. आज शहरांतील बाजारांत रंगविलेल्या पणत्या, घडीचे आकाशकंदील, इतकेंच काय, प्लॅस्टरचे तयार किल्लेहि विकत मिळतात. त्यामुळें घर सजतें, वेळ वांचतो, फरशीवर चिखल होत नाहीं. परंतु ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तें मूल मात्र आपल्याच घरच्या सणांत पाहुणें होऊन बसतें. त्यास त्याचा वाटा परत मिळवून देणें अवघड नाहीं. चार साध्या कृति त्यास पुरेशा आहेत.

पहिली कृति पणतीची. ती तीन-चार वर्षांच्या मुलालाहि साधते. कोरी पणती रात्रभर पाण्यांत भिजवून मग पुरती वाळवावी, म्हणजे ती तेल कमी पिते. गेरू पाण्यांत दाटसर कालवून तिला बाहेरून लावावा. तो वाळल्यावर तांदळाची पिठी पाण्यांत कालवून मुलानें तींत बोट बुडवावें आणि पणतीवर ठिपके व रेघा उमटवाव्या. डहाणूकडील वारली स्त्रिया घराच्या भिंतीवर जीं चित्रें काढीत आल्या आहेत, त्यांचा पांढरा रंगहि तांदळाच्या पिठीचाच. वात जेथें टेकते ती कड मात्र कोरी ठेवावी, आणि पणती लावण्याचें काम वडील माणसानें करावें.

दुसरी कृति पांच वर्षांच्या पुढील मुलांची. एक चमचा हळद वाटीभर पाण्यांत कालवून पांढरा जाड कागद तिनें रंगवावा व वाळूं द्यावा. दुसऱ्या वाटींत थोड्या पाण्यांत खाण्याचा सोडा विरघळवावा. काडीला कापूस गुंडाळून ती त्या पाण्यांत बुडवावी आणि पिवळ्या कागदावर चित्र काढावें. निवळ पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रवानें तांबूस रेघ उमटते, तेव्हां मुलाच्या चेहऱ्यावरचें नवल पाहण्यासारखें असतें. हळदींतील रंगास क्षार लागला कीं तो पालटतो. हळदीचें कुंकूं होतें तें याच गुणामुळें. हा कागद दुमडला कीं आजी-आजोबांस पाठविण्याचें शुभेच्छापत्र तयार झालें.

तिसरी कृति आकाशकंदिलाची. १२ इंच लांब व ८ इंच रुंद असा रंगीत कागद लांबीच्या दिशेनें मधोमध दुमडावा. दुमडीच्या बाजूनें एकेक इंचाच्या अंतरावर चिरा द्याव्या, आणि प्रत्येक चीर मोकळ्या कडेच्या अलीकडे एक इंच थांबवावी. तेथवर रेघ वडील माणसानें आंखून द्यावी. बोथट टोंकाच्या कात्रीनें कापावें मुलानें. मग कागद उलगडून त्याच्या दोन आंखूड कडा कणकेच्या खळीनें एकमेकींस चिकटवाव्या. वरून किंचित् दाबतांच मधल्या पट्ट्या फुगून कंदील उभा राहतो. वर दोरा, खालीं झिरमिळ्या, कीं काम झालें. कागदाच्या आंत ज्योत कधींहि ठेवूं नये. घडाळ्याच्या सेलवर चालणारा लहानसा विजेचा दिवा पुरे.

चौथी कृति किल्ल्याची, आणि ती सर्वांत मोठी. विटा, दगड वा रिकामे डबे रचून त्यांवर ओलें गोणपाट पसरावें आणि वरून चिखल थापावा. लक्ष्मीपूजनाच्या पांच-सहा दिवस आधीं त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडलें, तर सणापर्यंत डोंगर हिरवा होतो. एखादा खरा किल्ला नजरेसमोर असल्यास काम अधिक रंगतें. राजगड घ्यावा: मध्यें उंच बालेकिल्ला, आणि सभोंवार पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेक झाला, त्यापूर्वीं शिवरायांची राजधानी येथें होती, ही गोष्ट माती थापतां थापतां सांगितली तर ती मुलाच्या मनांत पक्की बसते.

या साऱ्यांत खरी परीक्षा असते ती मोठ्यांची. मुलानें दिवसभर खपून उभारलेला बुरूज वांकडा होतो. रात्रीं तें झोंपल्यावर वडील प्रेमानेंच तो सरळ करतात, दरवाजाला कमान काढतात, मावळे ओळीनें मांडतात. सकाळीं किल्ला सुंदर दिसतो, शेजारीपाजारी वाखाणतात, आणि मूल गप्प उभें राहतें, कारण त्या किल्ल्यांत त्याचें असें कांहीं उरलेलें नसतें. बोलून दाखविण्याजोगे शब्द त्यास सुचत नाहींत. पुढल्या वर्षीं तें आपण होऊन चिखलाला हात लावीत नाहीं, एवढेंच मागाहून लक्षांत येतें.

ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला, आणि १९४५ पासून बोर्डी येथें व नंतर कोसबाड येथें परिसरांत सहज मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांसाठीं शिक्षणाचीं साधनें घडविलीं. मुलास महाग सामग्री लागत नाहीं, त्यास काम लागतें, ही या परंपरेची शिकवण शहरांतील सुशिक्षित घरांनाहि तितकीच लागू आहे. मुलानें विचारलें तर सांगावें, धार व आंच यांपासून त्यास जपावें, एरवीं हात मागें घ्यावा.

दिवाळी सरली कीं किल्ला अडचणीचा वाटूं लागतो. तो गुपचूप उचलून टाकूं नये. ज्यानें बांधला त्यालाच विचारावें, आणि माती कुंडींत परत घालण्याचें कामहि त्याच्याच हातीं द्यावें.