जोखीम



रेडिओवर भांडवल गुंतविण्याच्या ज्या जाहिराती लागतात, त्यांच्या शेवटीं कोणीतरी एक लांबलचक वाक्य एका श्वासांत म्हणून टाकतो. त्यांतला एकच शब्द कानांत राहतो, तो म्हणजे जोखीम. परवां माझ्या नातीनें मला विचारलें, "आजोबा, जोखीम म्हणजे धोकाच ना?" मी जन्माचा शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतच, पण कोणी शब्दाचा अर्थ विचारला कीं मला राहवत नाहीं. मीं तिला सांगितलें कीं, धोका हा अर्धा अर्थ झाला. जुने व्यापारी प्रवासांत आपल्या सोबत्याला हळूच सांगत, "जवळ जोखीम आहे." म्हणजे कमरेला बांधलेल्या पिशवींत कोणाचें तरी सोनें किंवा रोकड आहे. जी वस्तु सांभाळावयाची तीही जोखीम, आणि ती सांभाळण्यांत जें भय असतें तेंही जोखीम. एकाच शब्दांत दोन्ही अर्थ ठेवणारे आपले पूर्वज मोठे जाणते असले पाहिजेत.

आजच्या भाषणासाठीं मला 'ख्रिस्ती श्रद्धा आणि साहस' असा विषय दिलेला आहे. साहस हा शब्द मोठा आहे, आणि साठी उलटलेल्या, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या तोंडीं तो नीटसा शोभत नाहीं. म्हणून मी हा व्यापाऱ्यांचा साधा शब्दच घेऊन बोलणार आहें.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत एका धन्याचा दृष्टान्त आहे. परदेशीं जातांना तो आपलें द्रव्य तिघां चाकरांच्या हवालीं करतो. दोघे त्यावर व्यापार करतात. तिसरा जमीन खणून तें पुरून ठेवतो, आणि धनी परतल्यावर होतें तेवढें काढून त्याच्यापुढें ठेवतो. एका पैचीही तूट नाहीं. लहानपणीं रविवारच्या शाळेंत ही गोष्ट ऐकली, तेव्हां मला त्या तिसऱ्या चाकराची कींव आली होती. त्यानें चोरी केली नाहीं, उधळपट्टी केली नाहीं, तरी शिक्षा त्यालाच! व्यापार करणाऱ्या दोघांना खोट आली असती तर धनी काय म्हणाला असता, हें मात्र गोष्टींत सांगितलेलें नाहीं. मास्तरांना तें विचारण्याचें धैर्य मला तेव्हां झालें नाहीं. तिसऱ्याचा गुन्हा कोणता, हें तो स्वतःच सांगतो : तो भ्याला होता.

पण त्याच शुभवर्तमानाच्या आरंभीं याच्या उलट प्रसंग आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खालीं उडी टाकावयास सांगतो. देवदूत वरचेवर झेलतील असें आश्वासनही देतो. येशू नाकारतो. मला वाटतें, त्या शिखराखालीं कोणी संकटांत सांपडलेलें असतें, तर गोष्ट निराळी झाली असती. खालीं कोणीच नव्हतें. नुसती उडी होती आणि पाहणाऱ्यांचा अचंबा. श्रद्धेची जोखीम कोणती आणि आततायीपणा कोणता, हें ओळखावयास मला तरी हा एवढा भेद पुरतो : खालीं कोणी आहे कीं नाहीं?

पंडिता रमाबाईंचें नांव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. कलकत्त्यास मिळालेल्या 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या, १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें घेतलेला बाप्तिस्मा, १८८९ च्या मार्चांत मुंबईस उघडलेलें व पुढच्या वर्षीं पुण्यास नेलेलें शारदासदन, हें सारें आपण वाचलेलें असतें. मला बोलावयाचें आहे तें १८९६-९७ च्या दुष्काळाविषयीं.

त्या वेळीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला होता. दुष्काळाची बातमी वाचून हळहळणें निराळें आणि दुष्काळ अंगावर काढलेला असणें निराळें. १८७४ च्या सुमारास रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडणारें त्यांचें कुटुंब तेव्हां मद्रास इलाख्यांत दुष्काळांत सांपडलें. होतें नव्हतें तें विकलें, आणि पुढें रानांतला पाला व पाणी यांवर दिवस काढले. वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास एवढींच उरलीं. भूक म्हणजे काय, हें सांगावयास या बाईला वर्तमानपत्राची गरज नव्हती.

आतां त्यांच्या गांठीं काय होतें तें पाहा. अमेरिकेंत बोस्टन येथें १८८७ सालीं स्थापन झालेल्या एका मंडळानें शारदासदनाचा खर्च दहा वर्षें चालविण्याचें कबूल केलें होतें. ती मुदत संपत आली होती. पुण्यांतील आधार तर १८९३ सालींच तुटला होता. सदनांतील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. शिल्लक म्हणाल तर केडगांवची जमीन होती. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें गांव. अमेरिकेची मदत थांबल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावें, अशा हेतूनें ती घेतलेली होती. दूरदृष्टीच्या गृहिणीला शोभेल असाच हा हिशेब होता. झाडें लावावीं आणि धीरानें वाट पाहावी.

हा हिशेब बाजूला ठेवून रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. तेथें अन्नछत्रांतून व दुष्काळी कामांच्या छावण्यांतून त्यांनीं एकट्या उरलेल्या मुली पाहिल्या, आणि अशा मुलींवर टपून बसलेलीं माणसेंही पाहिलीं. तीनशें जणी आणावयाच्या, असें त्यांनीं ठरविलें. पैसे कोठून येणार, हें ठरलेलें नव्हतें. शारदासदन मुळांत उच्चवर्णीय विधवांसाठीं निघालेलें. या मुलींना मात्र जात विचारली नाहीं.

आणि त्या पुण्यास येतात तों तेथें प्लेग! इतकीं माणसें शहरांत एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांची हरकत आली. तेव्हां केडगांवच्या त्या उघड्या माळावर, जेथें राहण्यासारखें घर नव्हतें, छपरें घालून या मुलींना नेलें. फळांसाठीं घेतलेल्या जमिनींत माणसें रुजवावयाचीं वेळ आली. उपासमारींतून आलेल्या माणसाला नुसतें जेवूं घालून भागत नाहीं. आंतडीं अन्न सोसत नाहींत, अतिसार सुरू होतो, आणि ताटावर बसलेलें मूल हातचें जातें. सर्वच मुली वांचल्या नाहींत. ज्या वांचल्या त्या शेतीचें, विणण्याचें, पुढें छापखान्याचेंही काम शिकल्या. त्याच १८९७ सालीं प्लेगच्या इस्पितळांतील गैरव्यवस्थेविषयीं रमाबाईंनीं 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत जाहीर पत्र लिहिलें. सनातनी मंडळी आधींच रागावलेली होती. आतां सरकारचीही मर्जी गेली. तीन वर्षांनीं, १९०० च्या दुष्काळांत, गुजराथेंतून पुन्हां मुली आणल्या, आणि केडगांवची वस्ती दीड हजारांच्या पुढें गेली.

येथवर गोष्ट सांगून टाळी मिळविणें सोपें आहे. परंतु मला वर्षानुवर्षें एक प्रश्न सतावीत आला आहे. शारदासदनांत ज्या मुली आधींच होत्या, त्यांचें काय? त्यांचें अन्न, त्यांचा अभ्यास, त्यांचें आरोग्य या सर्वांत एकदम तीनशें वांटेकरणी आल्या. त्यांना कोणी विचारलें होतें? आपण स्वतःच्या जिवावर उदार होतों, तेव्हां आपल्या आधारानें जगणाऱ्यांचे जीवही नकळत पणाला लावतों. घरांतल्या कर्त्या माणसाला, आणि विशेषतः कर्त्या बाईला, हें सांगावयास नको. यावर माझ्यापाशीं पुरें उत्तर नाहीं. इतकेंच दिसतें कीं, रमाबाईंनीं मुलींना माळावर धाडून आपण शहरांत बंगला धरला नाहीं. त्या केडगांवासच राहिल्या. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा अमेरिकेंत शिकून परत आली ती याच कामाला लागली, आणि १९२१ सालीं आईच्या आधीं वारली. पुढच्या वर्षीं एप्रिलांत रमाबाई गेल्या. यानें माझ्या प्रश्नाचें वजन कमी होतें, नाहींसें होत नाहीं.

आणखी एक आक्षेप त्या काळीं घेतला गेला व आजही घेतला जातो : भुकेल्यांना भाकरीबरोबर धर्म दिला. केडगांवच्या मुलींपैकीं पुष्कळ जणी पुढें ख्रिस्ती झाल्या, हें खरें आहे. मी स्वतः ख्रिस्ती असूनही हा आक्षेप मला उडवून लावावासा वाटत नाहीं. ज्याच्या हातीं भाकर असते, त्याच्या शब्दाला नको इतकें वजन येतें; हाही जोखमीचाच एक भाग. पण म्हणून त्या मुलींना छावणींत सोडून यावयास हवें होतें, असें म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाहीं.

न विचारतां पणाला लागलेल्या माणसांचा विषय निघाला म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले, जात गेली, हें टिळकांनीं जाणून-बुजून पत्करलें. पण त्या गांठोड्यांत बायकोचा संसारही बांधलेला होता, आणि गांठ मारतांना तिची संमति घेतलेली नव्हती. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंनीं तीं वर्षें कशीं काढलीं, तें 'स्मृतिचित्रें' वाचून कळतें. हसवतां हसवतां त्या असें कांहीं सांगून जातात कीं पुस्तक मिटावें लागतें. पुढें १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. पण नवरा गेला म्हणून मागोमाग जावयाचें, असा तो प्रकार नव्हता. जातिभेदाचा प्रश्न त्यांनीं स्वतःच्या मनाशीं लढून सोडविला होता. टिळकांच्या कवितेवर माझें फार प्रेम आहे. तरी त्या घरांतलें मोठें धाडस बाईंचें, असेंच माझें मत आहे.

मोठ्यांच्या गोष्टी सांगून झाल्या. आतां एक माझी सांगतों. ती या ठिकाणीं सांगावी कीं नाहीं, याचा मीं बरेच दिवस विचार केला.

१९८९ सालीं मी एका तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शाळेंत होतों. नोकरी अद्याप कायम झाली नव्हती आणि घरीं दोन लहान मुलें होतीं. चौथीच्या माझ्या वर्गांत एक मुलगा नव्यानें आला. अक्षर वाईट, पण तोंडी हिशेबांत त्याचा हात धरणारा वर्गांत कोणी नव्हता. त्याच्या आईला कुष्ठरोग झाला होता आणि औषध चालू होतें. त्या दशकांत जी एकत्रित औषधांची पद्धति सुरू झाली, तिनें हा रोग पूर्ण बरा होतो; आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळांत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचें भय राहत नाहीं. हें मला तेव्हांही ठाऊक होतें. आरोग्यखात्याच्या माणसानें शाळेंत येऊन आम्हां शिक्षकांना तें समजावून सांगितलें होतें.

गांवांत कुजबूज झाली आणि पालक शाळेंत जमले. मुलाला काढून टाका, असें कोणी उघड म्हणालें नाहीं. त्याच्याच हिताच्या दृष्टीनें त्याची अन्यत्र सोय व्हावी, असा एक सभ्य अर्ज तयार झाला. त्यावर वर्गशिक्षकाची सही हवी होती. मुख्याध्यापकांनीं कागद माझ्यापुढें सरकविला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचें काय?" त्यांनीं दडपण आणलें, असें मी म्हणणार नाहीं. त्यांनीं विचारलें होतें. मी नाहीं म्हणूं शकलों असतों.

त्याच्या आदल्या रविवारीं, चर्चमधल्या मुलांना मीं येशूनें कुष्ठरोग्याला बरें केल्याची गोष्ट शिकविली होती. येशूनें त्याला हात लावून बरें केलें, हें मीं मुलांकडून दोनदां म्हणवून घेतलें होतें.

मीं सही केली. पुढच्या सोमवारीं मुलगा आला नाहीं. हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें मी कांहीं दिवस गैरहजेरी मांडीत राहिलों, आणि पुढें नियमाप्रमाणें नांव कमी केलें. अर्जांत लिहिलेली ती अन्यत्र सोय कोणी केली नाहीं. तीं मायलेकरें गांव सोडून कोठें गेलीं, याची मीं चौकशी केली नाहीं. माझी नोकरी पुढच्या वर्षीं कायम झाली.