तांबड्या पेशीचं पोट कशावर भरतं?

तांबडी रक्तपेशी जन्मभर ऑक्सिजन वाहते, पण स्वतःच्या ऊर्जेसाठी त्यातला जराही वापरत नाही. मला हे फार विलक्षण वाटतं. ऑक्सिजनवर चालणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, तिनं प्रौढ होतानाच केंद्रकासह टाकून दिलेल्या असतात. ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या हिमोग्लोबिनला जागा हवी ना! मग उरतं रक्तातलं ग्लुकोज. ते ऑक्सिजनविना तोडलं, की त्याच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, निव्वळ २ रेणू हाती लागतात. तंतुकणिका असत्या तर जवळपास ३० मिळाले असते. एवढ्या तुटपुंज्या कमाईवर ती आत शिरलेलं सोडियम बाहेर काढते, पोटॅशियम आत घेते आणि आपला लवचीक आकार सुमारे १२० दिवस टिकवते. ग्लुकोज तोडताना तयार झालेलं लॅक्टेट यकृतात जातं, तिथं त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं.

शरीराबाहेरही या पेशींना ग्लुकोज लागतंच; रक्तपेढीतली रक्ताची पिशवी कधी निरखून पाहा. लेबलवर बहुधा ‘सीपीडीए’ अशी अक्षरं दिसतील. त्यातलं ‘डी’ म्हणजे डेक्स्ट्रोज, अर्थात ग्लुकोज; ‘ए’ म्हणजे अ‍ॅडेनिन, एटीपीसाठी लागणारा कच्चा माल. २ ते ६ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात पेशींची भूक मंदावते, थांबत मात्र नाही. एटीपी घटत जातं, पेशी ताठर होऊ लागतात. म्हणून ही पिशवी ३५ दिवसांच्या आत वापरावी लागते.