सॅक घ्या, पण पाठीला विचारून

 

आजचा विषय ऐकून कोणी हसेल. आज आपण पिशवीबद्दल बोलणार आहोत. रोज घराबाहेर पडताना आपण जी घेतो, ती पिशवी.

आता आपल्या पिशवीत काय काय असतं ते आठवा. गटाची सचिव असेल तर इतिवृत्ताची वही, बचत-कर्जाची नोंदवही, सगळ्यांची पासबुकं, शिक्का, पॅड. बँक सखी असेल तर अंगठ्याचं मशीन आणि रोकड. आशाताई असेल तर वजनकाटा, थर्मामीटर, गोळ्या, फॉर्म. वर पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, मोबाइल, छत्री. परतताना त्यातच किलोभर भाजी. हे सगळं कशात? लग्नात मिळालेल्या कापडी पिशवीत, नाहीतर बियाण्याच्या दुकानातून फुकट आलेल्या झोळ्यात. एका खांद्याला लटकवलं की निघालो.

संध्याकाळी मान आखडते, खांदा दुखतो. आपण म्हणतो, वय झालं. वय असेलही. पण एकदा पिशवीकडेही पाहा.

आपल्या जुन्या माणसांना ओझ्याची विद्या चांगली ठाऊक होती. कावड आठवा. दोन्हीकडं सारखी घागर, म्हणून कावड डोलते पण माणूस वाकडा होत नाही. पडशी आठवा. मधे तोंड, दोन बाजूंना दोन कप्पे, एक पुढं, एक मागं. डोक्यावरची घागरसुद्धा सरळ मानेवर, बरोबर मधोमध बसते. या सगळ्यांत एकच गोष्ट आहे: भार मधोमध, अंगाजवळ.

एका खांद्यावरची पिशवी याच्या उलट वागते. पट्टा घसरू नये म्हणून आपण तो खांदा नकळत वर उचलून धरतो. तोल सावरायला कंबर दुसऱ्या बाजूला झुकते. मानेच्या त्या बाजूच्या शिरा दिवसभर ताणलेल्या राहतात. पट्टा दोरीसारखा बारीक असेल तर तो खांद्यात रुततो, कधी कधी बोटांना मुंग्या येतात. आठवड्यातून एकदा बाजारात गेलो तर फरक पडत नाही. पण रोज दोन टोले, तीन पाडे पायी फिरायचं असेल तर पडतो.

म्हणून चालण्याचं काम असलेल्या बाईसाठी दोन पट्ट्यांची, पाठीवरची सॅक बरी. दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातात छत्री धरता येते, नाला ओलांडताना काठी धरता येते, बसमध्ये दांडा धरता येतो.

आता पहिला प्रश्न, ओझं किती?

मुलांच्या दप्तरासाठी आपल्या राज्य सरकारनं २०१५ साली नियम केला. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको. पुढं २०२० मध्ये देशाचं दप्तर धोरण आलं, त्यातही हाच दहावा हिस्सा आहे. बालवाडीला दप्तरच नको. पहिली-दुसरीला साधारण १.६ ते २.२ किलो. नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो. त्यात दप्तराला रुंद, मऊ, दोन सारखे पट्टे असावेत, असंही सांगितलं आहे.

मोठ्या बाईसाठी असा सरकारी नियम नाही. पण रोजच्या ओझ्याला हाच दहावा हिस्सा धरला तर हिशेब सोपा होतो. आपलं वजन ४५ किलो, तर पिशवी साडेचार किलोच्या आत. अंगात रक्त कमी आहे, गरोदर आहे, नुकतंच बाळंतपण झालंय, तर त्याहून कमी. आणि लक्षात ठेवा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन लिटरची बाटली भरली की निम्मा वाटा पाण्यातच गेला. नागपूरच्या उन्हात, पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा, पाणी कमी करा असं मी म्हणणार नाही. पण वाटेत भरून घेता येत असेल तर अर्धा लिटरची बाटली दोनदा भरा. भरून संपलेल्या जुन्या वह्या घरी ठेवा. ज्या गावाला जायचं, त्याच गावाच्या गटांच्या वह्या काढा.

दुसरा प्रश्न, सॅक केवढी घ्यायची?

आपल्याकडं मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची रीत आहे. दप्तर मात्र वाढत्या अंगाचं घेऊ नका. सॅकची उंची आपल्या खांद्यापासून कमरेपर्यंत. खाली ढुंगणावर आदळत असेल तर ती मोठी. लोंबती सॅक मागं ओढते, म्हणून आपण पुढं वाकून चालतो आणि कंबर धरते. रुंदीही पाठीएवढीच. शिवाय मोठी पिशवी कधी रिकामी राहत नाही, हे आपण बायका चांगलं जाणतो. जागा दिसली की सामान भरतं.

आता बाजारात चला. सीताबर्डीला जा, इतवारीत जा, नाहीतर आपल्या सावनेर, काटोल, उमरेडच्या बाजारात जा. जाताना घरून आपल्या वह्या, डबा आणि भरलेली बाटली सोबत न्या. का? दुकानात टांगलेल्या सॅकमध्ये कागद कोंबलेले असतात. त्यानं ती गुबगुबीत दिसते आणि हलकी लागते. दुकानदाराला म्हणा, भाऊ, हे कागद काढा. आपलं सामान भरा. दोन्ही पट्टे अडकवा. दुकानासमोर दहा-वीस पावलं चाला. एकदा वाका, उठा. लाजू नका. चप्पल घेताना पायात घालून पाहतोच ना आपण?

चालताना पट्ट्यांकडं लक्ष द्या. खांद्यावर पट्टा तीन बोटं तरी रुंद हवा, आत फोम हवा. अंगठ्यानं दाबून सोडला की फोम परत वर यायला हवा. पट्टा लहान-मोठा करता यायला हवा. साडी नेसणाऱ्या बहिणींनी आणखी एक पाहावं. खांद्यावरची पिन पट्ट्याखाली आली की रुतते. आधी पदर कमरेला खोचा, पिन थोडी बाजूला लावा, मग सॅक चढवा. छातीवर बांधायची बक्कल असते काही सॅकना. सोयीची वाटली तर बांधा, नाही वाटली तर राहू द्या.

पाठीला लागणारी बाजू हातानं चाचपा. तिथं मऊ गादी हवी, नाहीतर डब्याचा काठ मणक्याला टोचतो. गादीवर जाळीचं कापड असेल तर घाम थोडा वाळतो. आपल्या उन्हाला फिकट रंग बरा, काळी सॅक तापते. उन्हात ठेवलेल्या सॅकमध्ये मोबाइल आणि औषधंही तापतात, म्हणून ती सावलीत ठेवायची सवय हवी.

आता शिवण. सॅक कापडावरून फाटण्याआधी बहुतेक वेळा पट्ट्याच्या मुळाशी उसवते. तिथं वरून शिलाई पाहा. चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिलाई असेल तर ती पक्की. नुसती एक सरळ रेघ असेल तर वह्यांचं वजन ती फार दिवस पेलणार नाही. सॅक उलटी करून आतल्या शिवणी पाहा. धागे लोंबतात का, कापडाच्या कडा सुटल्यात का. चेन दहा वेळा उघड-बंद करा, कोपऱ्यावर अडकते का पाहा. चेनचा रनर बिघडला तर बाजारातला चेनवाला थोडक्यात बदलून देतो, तेवढ्यासाठी सॅक फेकू नका.

चिठ्ठीवर कधी ‘६०० डी’ असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, धाग्याचं माप. ९००० मीटर धागा जितके ग्रॅम भरेल, तितके डेनियर. आकडा मोठा तर धागा जाड. म्हणजे कापड दणकट, पण थोडं जडही. म्हणून रिकामी सॅक हातात तोलून पाहा. रिकामीच जड असेल तर भरल्यावर काय होईल?

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर फार जाऊ नका. कापडातून पाणी आलं नाही तरी शिवणीतून आणि चेनमधून येतं. आपल्याकडं पावसाची झड लागली की दोन-दोन दिवस हटत नाही. पासबुकं आणि वह्या आत एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. दोन रुपयांची पिशवी गटाचा वर्षभराचा हिशेब वाचवते.

किमतीचं गणित करू. समजा २०० रुपयांची सॅक सहा महिन्यांत फाटली. वर्षाला झाले ४००. समजा ६०० ची तीन वर्षं टिकली. वर्षाला पडले २००. स्वस्त कोणती, ते तुम्हीच सांगा. मात्र महाग म्हणजे चांगलीच असंही नाही. नाव पाहून नका घेऊ, शिवण पाहून घ्या. आणि गटात कोणी शिलाईकाम करणारी असेल, तर जाड कॅनव्हासची सॅक तिच्याकडूनच मापानं शिवून घ्या. आज सांगितलेली प्रत्येक गोष्ट तिला सांगता येईल.

सॅक भरायचीही रीत आहे. जड वस्तू पाठीला चिकटून, हलकी वस्तू बाहेरच्या बाजूला. वह्या पाठीकडं उभ्या, डबा त्यापुढं मधोमध, छत्री-रुमाल बाहेर. रोकड आणि मशीन बाहेरच्या कप्प्यात कधीच नको. पाठीला लागून आतला कप्पा असतो, ते त्यांचं घर. गणेशपेठच्या एसटी स्टँडवर किंवा मोरभवनला गर्दी असली की सॅक पुढं, छातीशी घ्या. बसमध्ये बसल्यावर काढून मांडीवर घ्या. गाडीवर मागं बसत असाल तर पट्ट्यांची लोंबती टोकं बांधून टाका, चाकात जायला नकोत. आणि सॅक जमिनीवरून झटक्यानं खांद्यावर फेकू नका. ओट्यावर ठेवा, पाठ करा, दोन्ही हात घाला, मग उठा.

एवढं करूनही हाताला मुंग्या येत राहिल्या, पायात कळ उतरली, हातातली वस्तू निसटू लागली, तर तेल चोळत बसू नका. आरोग्य केंद्रात दाखवा.

आता खरी अडचण. ती बाजारात नाही, आपल्या मनात आहे. साडीवर सॅक घालून निघालं की कोणीतरी म्हणतं, “काहून वं बाई, या वयात शाळेत चालली का?” आपण लाजतो आणि परत झोळा खांद्याला लावतो. पोराला दरवर्षी नवं दप्तर घेतो, आणि स्वतःची वेळ आली की म्हणतो, चालते मले, जुनी हाय ना.

त्या बोलण्याला उत्तर द्यायला एक गोष्ट सांगते. आपल्या गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. या बाया वजनकाटा, थर्मामीटर, औषधं घेऊन घरोघरी जात. तिथले नवजात बालमृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटले, आणि हे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. बाळं वाचली ती त्या बायकांच्या शिक्षणानं आणि कष्टानं. पण विद्या डोक्यात आणि वजनकाटा घरी राहिला असता तर? सामान सोबत नेणं हाही त्या कामाचाच भाग होता. शेतकऱ्याचा फवारणी पंप पाठीवर असतो, त्याला कोणी हसत नाही. तुमची सॅकही तसंच अवजार आहे.

आणि अवजाराचा खर्च कोणी करायचा? सॅकमध्ये वह्या गटाच्या आहेत, पासबुकं सगळ्यांची आहेत. मग ओझं एकटीच्या पाठीवर आणि खर्चही एकटीच्या खिशातून, हे बरोबर आहे का? सचिवाची सॅक गटानं घ्यावी, असा विषय बैठकीत मांडा. सगळ्यांना पटलं तर ठराव लिहा, पावती जोडा, वहीत खर्च दाखवा.

तर पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. कोणाच्या घरचा वजनकाटा आणा. प्रत्येकीनं आपली पिशवी, रोज असते तशी, काहीही न काढता काट्यावर ठेवावी. शाळेतल्या मुलामुलींची दप्तरंही ठेवा. आकडा लिहा, शेजारी त्या बाईचं किंवा त्या लेकराचं वजन लिहा. दहाव्या हिश्श्याच्या वर कोण आहे ते दिसेल. मग पिशवी रिकामी करा आणि एक-एक वस्तू परत भरताना विचारा, ही आज लागणार आहे का?

आकडे आम्हाला कळवा. आणि येत्या आठवड्यात कोणी साडीवर सॅक घालून निघालेली दिसली, तर हसायच्या आधी तिला विचारा, “बाई, कुठून घेतली? पट्टे कसे आहेत?”