ऐलम्माची गोष्ट, चित्रांतून
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला लागलात. पाटी सुटली, पुस्तक हाती आले. आज मी एका वेगळ्या पुस्तकाविषयी बोलणार आहे. त्यात अक्षरे थोडी आणि चित्रे फार. पोरंसोरं त्याला कॉमिक म्हणतात. आपण चित्रकथा म्हणू.

कोणी म्हणेल, "चित्रांची पुस्तकं लेकरांची. आम्ही पिकल्या केसांची माणसं. आम्हांला काय त्याचं?"

पण चित्र दाखवून गोष्ट सांगायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पूर्वी चित्रकथी गावोगाव फिरत. कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक पुढे मांडत आणि रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगत. अशी जुनी चित्रे आपल्या पैठणची आहेत. कोकणात पिंगुळी गावच्या कलावंतांनी ही कला अजून जिवंत ठेवली आहे. ही चित्रे काही फक्त लेकरांसाठी नव्हती. सारा गाव बसून पाहत असे.

पुढे छापखाना आला. 1967 साली अनंत पै यांनी मुंबईत 'अमर चित्र कथा' ही पुस्तकमाला सुरू केली. देवांच्या, राजांच्या, संतांच्या गोष्टी चित्रांतून घरोघर गेल्या. झाशीच्या राणीची गोष्टही गेली. मग 2022 च्या जानेवारीत या मालेने भारत सरकारच्या सांस्कृतिक खात्याबरोबर एक पुस्तक काढले. त्यात लढ्यात उतरलेल्या 20 बायकांच्या गोष्टी आहेत. त्यांतली एक आहे चाकली ऐलम्मा.

ही ऐलम्मा कोण? देगलूर, बिलोलीची हद्द ओलांडली की तेलंगण लागते. 1948 पर्यंत ते लोक आणि आपण एकाच निजामाच्या राज्यात होतो. तिकडे पालकुर्ती नावाचे गाव आहे. आज ते जनगाव जिल्ह्यात येते. ऐलम्मा तिथे राहत होती. तिचा जन्म 1895 चा. 'चाकली' म्हणजे परीट. म्हणजे ही परटीणबाई. लोकांची धुणी धुणारी.

तिकडे मोठमोठे देशमुख होते. त्यांच्या ताब्यात अफाट जमीन होती. गोरगरिबांनी त्यांच्याकडे फुकट राबायचे. त्याला तिकडे 'वेट्टी' म्हणत. आपण वेठ म्हणतो. ऐलम्माने दुसऱ्याची जमीन खंडाने घेतली आणि घाम गाळून पिकवली. परटिणीने शेत करावे, हे विसनूरच्या देशमुखाला खपले नाही. शिवाय ती गोरगरिबांच्या 'संघम'मध्ये सामील झाली होती. तेव्हा त्याने ती जमीन आणि तिचे पीक लाटायचा घाट घातला.

1945 च्या आसपासची ही गोष्ट. पीक कापणीला आले. देशमुखाची माणसे ते न्यायला आली. तेवढ्यात संघमचे लोक धावून आले. त्यांनी देशमुखाच्या माणसांना पिटाळले, पीक कापले आणि ऐलम्माच्या घरी पोचवले. पुढे सूड म्हणून तिचे घर जाळले. तिचा फार छळ झाला. पण तिने जमीन सोडली नाही. मग तेलंगणातले शेतकरी ठिकठिकाणी उठले. तो लढा 1951 पर्यंत चालला. ऐलम्मा 1985 साली वारली.

आता ही गोष्ट चित्रांत कशी मांडायची? समजा, चार चौकटी आहेत. पहिल्या चौकटीत ऐलम्मा ओढ्यावर धुणे आपटते आहे. दुसरीत ती शेतात वाकून खुरपते आहे. तिसरीत देशमुखाची माणसे बांधावर उभी आहेत आणि ती आडवी झाली आहे. चौथीत घर जळते आहे आणि बाई शेताकडे पाहते आहे. चौथ्या चौकटीत एकही अक्षर नको. तरी तुम्हांला कळेल की नाही, बाईच्या मनात काय आहे ते? हीच चित्रकथेची ताकद. ज्याला अजून जोडाक्षर अडते, त्यालाही गोष्ट अडत नाही. चित्र बोट धरते आणि अक्षरापर्यंत नेते.

वाचायचे कसे, तेही सांगते. चौकटी डावीकडून उजवीकडे पाहायच्या. ओळ संपली की खालची ओळ. माणसाच्या तोंडाजवळ गोल फुगा असतो. त्यात त्याचे बोलणे. फुगा ढगासारखा असला, तर ते मनातले बोलणे. वर किंवा खाली चौकोनी पट्टी असते. तिच्यात गाव, साल आणि घडलेली हकीकत.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पट्टी आणि फुगा यांत फरक आहे. पट्टीत जे लिहिले, ते खरे असलेच पाहिजे. साल चुकले, गाव चुकले, तर ती थाप झाली. पण फुग्यातले बोलणे लिहिणाऱ्याने रचलेले असते. ऐलम्मा तर तेलुगू बोलायची. मराठी चित्रकथेत तिच्या तोंडी मराठी वाक्य आले, तर ते तिचे शब्द कसे असतील? ते तिच्या वागण्यावरून बांधलेले शब्द. म्हणून वाचताना विचारावे, "हे घडलं होतं, की रचलं आहे?" छापले म्हणून सारे खरे, असे मानू नये. वाचायला शिकलो ते याच्यासाठीच.

दुसरा धोका चित्राचा आहे. शूर बाई म्हटली की चित्रकार तिच्या हाती तलवार देतो. अंगावर दागिने घालतो. डोक्यामागे तेज काढतो. बाईची देवी होते. मग आपण हात जोडतो आणि घरी जातो! ऐलम्मा राणी नव्हती. तिच्याजवळ किल्ला नव्हता, फौज नव्हती. तिचे हात धुण्याने सोललेले होते. तेच हात चित्रात दिसले पाहिजेत. ते पाहून रोजगाराला जाणारी बाई म्हणेल, "अगं, ही तर माझ्यासारखीच." एवढे जरी मनात आले, तरी त्या चित्राचे काम झाले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला. पण मराठवाडा निजामाच्या राज्यातच राहिला. रझाकारांनी गावोगाव धुमाकूळ घातला. 17 सप्टेंबर 1948 ला आपण सुटलो. त्या काळात जालन्याकडे, बदनापूर तालुक्यात धोपटेश्वरची दगडाबाई शेळके घोड्यावर मांड टाकून रझाकारांशी लढली. लोक तिला मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात.

इकडे नांदेड जिल्ह्यात 30 जानेवारी 1948 ला उमरीच्या बँकेवर कार्यकर्त्यांनी छापा घातला आणि लढ्यासाठी पैसा उभा केला. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर लढणाऱ्यांचा तळ होता. ही हकीकत पुस्तकांत आहे. पण मला सांगा, लढणाऱ्यांच्या भाकरी कोणी भाजल्या? रातच्याला दार वाजले तर कडी कोणी काढली? निरोप कोणी पोचवला? धाडीच्या वेळी लेकरे घेऊन उसात, ज्वारीत कोण दडून बसले? बायाच ना?

त्या बायांची नावे कुठे आहेत? तुरुंगात गेलेल्याचे नाव कागदावर चढते. भाकरी पोचवणाऱ्या बाईचा कागद कोणी केला नाही. पुढे कोणी पुरावा मागितला, तर ती काय दाखवणार? तवा?

म्हणून हे काम आता आपले. 1948 ला जी पोर 10 वर्षांची होती, ती आज 85 च्या पुढची आजी आहे. अशा आज्या आता थोड्याच राहिल्या. एक आजी गेली की तिच्याबरोबर सारी गोष्ट जाते. तुमच्या गावात अशी कोणी असली तर तिच्याजवळ जाऊन बसा. म्हणा, "आजी, रझाकाराच्या वक्ताला तुम्ही काय केलं, सांगा की." ती आधी म्हणेल, "मी काय केलं बापा? रांधलं, वाढलं." तरी उठू नका. ते रांधणेच लिहून घ्या. किती माणसांचे रांधले? धूर दिसू नये म्हणून काय केले? निरोप कशात लपवला? लुगडे कसे होते, वाट कोणती होती? लिहिताना चुकले तरी चालेल, खोडून पुन्हा लिहा. मात्र तिने सांगितले तेच लिहा. पदरचे घालू नका.

मग ते शाळेतल्या पोरांना द्या. पोरे चित्रे काढतील. वाकडीतिकडी का होईनात. चार चौकटी, दोन फुगे, खाली एक पट्टी. पट्टीत आजीचे नाव, गावाचे नाव आणि साल. ती चित्रे 17 सप्टेंबरला झेंड्याजवळ भिंतीला लावा. आजीला धरून आणा आणि तिलाच आधी दाखवा. काही चुकले असेल तर ती सांगेल. ते तिथल्या तिथे दुरुस्त करा.