गाठ फोडून बघा

 

'शाश्वत वस्त्रोद्योगातील पुरवठा साखळी आणि जोखीम व्यवस्थापन' असा विषय तुमच्या पदवीदान समारंभाच्या पत्रातून आला. मी यवतमाळकडे जिनिंगवर ग्रेडर म्हणून लागलो तेव्हा जोखीम म्हणजे रुईत आलेला प्लास्टिकच्या पोत्याचा धागा. तो सुतात कातला जायचा आणि त्याला रंग चढत नसल्याने रंगवलेल्या कापडावर पांढरी रेघ होऊन उगवायचा. ग्रेडिंग शिकवणारे आमचे गुरुजी उत्तरेच्या खिडकीशी उभे राहून रुईचा पुंजका दोन चिमटींत ओढत आणि तंतूची लांबी सांगत. आता यंत्र सांगतं, अचूक सांगतं. पण त्याच्यापुढे ठेवाल त्या नमुन्याचं सांगतं. गाठीच्या वर झकास रुई आणि पोटात कवडी, म्हणजे डागाळलेला हलका माल, हे मी स्वतः पाहिलंय.

पुढे एका निर्यातदाराकडे सेंद्रिय कापूस बघायचो. एकदा एका शेतकरी गटाचा माल आला. दोनशे एकर कोरडवाहू. एकरी पाच क्विंटल धरलं तरी हजार क्विंटल कापूस. कापसातून रुईचा उतारा 34 टक्के, म्हणजे 340 क्विंटल रुई. 170 किलोची गाठ धरली तर गाठी दोनशे. सेंद्रिय असल्याच्या दाखल्यावर पाचशे होत्या. हिशेब चहाच्या टेबलावर दोन मिनिटांत झाला. जहाज ठरलेलं होतं, मालक घाईत. मी सही केली.

माल परदेशातल्या प्रयोगशाळेत बीटी, म्हणजे सेंद्रियात न चालणाऱ्या जनुकबदल वाणाचा, निघाला. जिनिंगवाल्याने बाजारातला कापूस घालून आकडा भरला होता. तो सुटला, निर्यातदारही सुटला. गटाची सेंद्रिय नोंदणी गेली, तिच्यामुळे मिळणारा वरचा भावही गेला. आपल्या धंद्याचं हे जुनं दुखणं आहे. जोखीम वरून घरंगळते आणि वावरात येऊन थांबते. 2020 साली गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या मानक संस्थेने भारतातला 20,000 टन कापूस खोट्या दाखल्यांवर सेंद्रिय ठरल्याचं उघड केलं. पेपरवाले हादरले. मला कसलं नवल वाटणार?

तुमच्या हाती आता क्यूआर कोड असतील, पडद्यावर शेताचा नकाशा असेल. वापरा, जरूर वापरा. पण जमीन आणि उतारा यांचा गुणाकार स्वतः करून कागदावरच्या गाठींशी ताडून बघा, आणि सहीआधी गाठ फोडून बघा. साहेब रागावला तरी फोडा. नोकरी दुसरी मिळते, मला मिळाली होती.

 

नोंदणी गेल्यावर त्या गटातले एक म्हातारे शेतकरी ऑफिसात आले. भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "सायेब, सही कराच्या आंधी तुमी आमच्या वावरात आलते का?"

गेलो नव्हतो. पुढच्या खरिपात गेलो, तेव्हा तिथे सोयाबीन उभं होतं.